सोळा भोकं आणि एक पिवळा दिवा

गाडीच्या मीटरमध्ये नवा दिवा पेटला की चालवणारा पहिल्यांदा शेजारच्या सीटला विचारतो, "हा आधीपासून होता का गं?" मीही विचारलं. सौ. म्हणाली, "मला काय ठाऊक? मला तुम्ही 'डावीकडून रिक्षा घुसतेय का बघ' एवढंच काम दिलंय." मागून चिरंजीवांचा आवाज आला, "दिवाळीपासून आहे, बाबा. मला वाटलं, लायटिंग आहे." होळी तोंडावर आली होती.

दिवा इंजिनाच्या आकाराचा आणि पिवळा. लाल असता तर मी घाबरून गाडी बाजूला घेतली असती. पण मुंबईत पिवळा दिवा दिसला की वेग वाढवायचा असतो. तो मी गेले चार-पाच महिने इमानाने वाढवत आलो होतो.

आमची गाडी म्हणजे व्हॅन आहे आणि जुनी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी गाडी धड दिली होती. पुढचं कर्तृत्व आमचं आणि आमच्या फिटरांचं. तशी मुंबईच्या उपनगरांना व्हॅनची सवय फार जुनी. मारुतीने १९८४ साली आणलेल्या व्हॅनला १९८८ मध्ये ओम्नी हे नाव मिळालं आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. मधल्या काळात तिने काय काय वाहिलं! शाळेची पोरं, केटररची पातेली, लालबागहून मुलुंडला येणारे गणपती आणि हिंदी सिनेमात पळवून नेलेली माणसं. सरकत्या दाराची अशी सोय कुठल्या खलनायकाला आवडणार नाही? तिचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली असायचं. बिघाड झाला की सीट उचलायची, फडक्याने पुसायचं, कार्ब्युरेटरला दोन टिचक्या मारायच्या आणि सीट खाली टाकायची. आमच्या व्हॅनचं इंजिनही सीटखालीच आहे. फरक एवढाच, की तिच्यात कॉम्प्युटर आहे आणि त्याला टिचकी कुठे मारायची हे कुणालाच माहीत नाही.

दिव्याबद्दल मी सोसायटीत कुणाला बोललो नव्हतो. तरी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तज्ज्ञ जमले. वॉचमन म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी गेलंय. सेक्रेटरी म्हणाले, "अरे भाई, सेन्सर असणार. हल्ली सगळं सेन्सरच असते." तिसऱ्या मजल्यावरचे काका मात्र काही न बोलता घरी गेले आणि हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले.

काकांनी उमेदीची वर्षं फियाटमध्ये काढली आहेत. फियाट म्हणजे आपली कुर्ल्याला बनणारी प्रीमिअर पद्मिनी, जिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्या गाडीचं निदान करायला वीज लागायची नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. काकांनी आमच्या व्हॅनची सीट उचलायला लावली, गाडी चालू करायला लावली, टोक जागा बदलून बदलून टेकवलं आणि समाधी लावली. चाळीस माणसांची वस्ती असलेली विंग श्वास रोखून उभी.

"टॅपेट," काका म्हणाले.

काकांचं निदान मी मनावर घेतलं नाही. गेल्या वर्षी लिफ्ट अडकली होती तेव्हाही त्यांनी 'टॅपेट'च सांगितलं होतं.

एलबीएस मार्गावर आमचा नेहमीचा गॅरेजवाला आहे. त्याने दिवा पाहिला आणि चेहरा गंभीर केला. हल्लीच्या मेकॅनिकला असा चेहरा करता आला नाही तर दुकान चालत नाही.

"स्कॅनिंग करायला लागेल, शेठ."

"करा."

"स्कॅनिंगचे वेगळे, कामाचे वेगळे."

"बरं."

"पोर्ट कुठाय?"

"कसला पोर्ट?"

"मशीन लावायचा. सोळा भोकांचा असतो. तुमची गाडी आहे, तुम्हाला माहीत पाहिजे."

गाडी घेतली तेव्हा कुणी भोकं मोजून दिली नव्हती. त्याने आणि त्याच्या हाताखालच्या पोराने स्टिअरिंगखाली टॉर्च मारला, डावीकडे हात घातला, उजवीकडे घातला, हँडब्रेकजवळ चाचपलं आणि मग मला सांगितलं, "घरी निवांत शोधा आणि सापडला की घेऊन या." डॉक्टरने पेशंटला 'आधी नाडी शोधून आणा' म्हणावं, तसा तो म्हणाला. मी मान डोलावून बाहेर पडलो.

या सोळा भोकांचा इतिहास तसा थोर आहे. लॉस एंजेलिसवर धुरकं दाटायचं म्हणून कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने मोटार कंपन्यांच्या मागे लागून गाडीलाच स्वतःची चहाडी करायला शिकवलं. इंजिन नीट जळत नसेल तर गाडीने दिवा लावायचा आणि कारणाचा नंबर पोटात जपून ठेवायचा. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना एकाच मापाचं, सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं, म्हणजे कुठलंही यंत्र कुठल्याही गाडीला लागेल. आपल्याकडे मुंबईसह तेरा शहरांत १ एप्रिल २०१० ला भारत स्टेज चार आलं आणि मागोमाग हे प्रकरणही टप्प्याटप्प्याने आलं. तारीख एप्रिलची पहिली होती, हे मला नंतर जाणवलं.

मूळ अमेरिकन नियम फार सुंदर आहे. सॉकेट स्टिअरिंगपासून सुमारे दोन फुटांच्या आत असावं आणि यंत्र एका हाताने, न बघतासुद्धा लावता यावं. हे ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात व्हॅन पाहिलेली नसावी. निदान मुलुंडमध्ये सीएनजी बसवलेली, दोनदा स्टिरिओ बदललेली आणि एका मेहुण्याने स्वस्तात रिव्हर्स कॅमेरा लावून दिलेली तर नक्कीच नाही.

मी दोन्ही हातांनी आणि डोळे फाडून शोधायला सुरुवात केली. व्हॅनच्या स्टिअरिंगखाली डोकं घालायची एकच पद्धत आहे. सीटवर पाठ टेकायची, पाय उघड्या दारातून बाहेर सोडायचे, मान ब्रेक आणि क्लच यांच्या मधोमध ठेवायची आणि टॉर्च दातांत धरायचा. या अवस्थेत माणसाला बोलता येत नाही. सोसायटीला नेमकं तेव्हाच बोलायचं असतं.

"काय, झोपलात का?" हे जोशीकाकूंचे चप्पल.

"मेन्टेनन्सचा चेक राहिलाय." हे सेक्रेटरींचे बूट.

"भाऊ, पार्सल." हे पाय अनोळखी होते. त्यांनी ओटीपी मागितला आणि मी तो दातांत टॉर्च धरून सांगितला. पार्सल शेजारच्या विंगेत पोचलं.

डॅशबोर्डखाली जे सापडलं त्याची यादी घरच्यांनी करायला लावली. दोन रुपयांची नाणी, लोणावळ्याच्या चिक्कीचा दगड झालेला तुकडा, मुलुंड ते सीएसएमटीचा जुना पास आणि सौ.चं एक कानातलं. या कानातल्यावरून सात वर्षांपूर्वी माझ्या बहिणीकडच्या मोलकरणीवर संशय घेतला गेला होता. त्या प्रकरणावर सौ. फक्त म्हणाली, "पुढे शोधा."

पुढे वायरी होत्या. कंपनीने दिलेल्या वायरी शिस्तीत, एका जाडीच्या. आणि त्यांच्यावर नंतर आलेल्यांची वस्ती. प्रत्येक फिटरने आधीच्याच्या वायरींना जोड मारून काळी टेप गुंडाळली होती आणि ती टेप उन्हाने वितळून बोटांना लागत होती. मला एक सॉकेट मिळालं आणि मी ओरडलो. चिरंजीव धावत आले. ते स्टिरिओचं निघालं. मग दुसरं मिळालं. त्याला चारच भोकं. ते सीएनजी किटचं स्वतःचं निदानाचं सॉकेट. म्हणजे सीएनजीवाल्यांचाही वेगळा कॉम्प्युटर, वेगळं भोक आणि वेगळा लॅपटॉपवाला. एका व्हॅनच्या पोटात दोन कॉम्प्युटर आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सोळा भोकांचं खरं सॉकेट दुसऱ्या रविवारी सापडलं. सीएनजीचा स्विच बसवणाऱ्याला ते आड येत होतं, म्हणून त्याने ते उचलून मागच्या लोखंडी पट्टीला प्लास्टिकच्या टायने आवळून बांधलं होतं, तोंड वर करून. पावसाळ्यात भांडुपला गुडघाभर पाण्यातून गाडी काढली होती तेव्हाचा ओलावा त्याला लागला असावा. एका कडेच्या पिनांवर हिरवट बुरशी चढली होती. टूथब्रशने घासली. टूथब्रश कुणाचा होता, हे आमच्या घरात अजून कुणी विचारलेलं नाही आणि विचारू नये.

आता यंत्र. गॅरेजवाल्याकडे परत जाण्याऐवजी मी लॅमिंग्टन रोडला गेलो, कारण पोर्ट मी शोधला होता आणि श्रेय मला वाटून घ्यायचं नव्हतं. दुकानदाराने काडेपेटीएवढा निळा पारदर्शक ॲडॅप्टर काढला.

"ओरिजिनल आहे ना?"

"ओरिजिनल कॅनडाची कंपनी होती, शेठ. बंद झाली. हा चालतो."

"गॅरंटी?"

"लागला तर चालतो."

"आणि पासवर्ड?"

"एक-दोन-तीन-चार."

आमच्या सोसायटीच्या वाय-फायचाही तोच आहे, म्हणून मनाला बरं वाटलं.

फोनवर ॲप घेतलं, ब्लूटूथ लावलं आणि फोन पहिल्याच झटक्यात जोडला गेला, पण दुसऱ्या मजल्यावरच्या टीव्हीला. वर मालिका बंद पडल्याचा आरडाओरडा ऐकू आला. पुन्हा प्रयत्न केला. 'संपर्क होऊ शकत नाही.' चिरंजीव म्हणाले, "बाबा, चावी फिरवा." इंजिन चालू करायचं नसतं, पण चावी दिवे लागेपर्यंत फिरवावी लागते. ती फिरवल्यावर फोनच्या पडद्यावर एक काटा गोल फिरत राहिला. माझ्या वयाच्या गाड्यांचा कॉम्प्युटर सावकाश बोलतो. मी घाई केली नाही. आमच्या बँकेतही असंच चालतं आणि तिथे तर एसी असतो.

शेवटी उत्तर आलं: पी ०१७१.

नंबर हातात आला की माणसाची छाती फुगते. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरचा विभाग, 'शून्य' म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, आणि ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ: हवा जास्त, इंधन कमी. मी हे पाच माणसांना ऐकवलं आणि पाचही जणांनी आपापलं मत बदललं नाही. वॉचमन म्हणाला, पाण्यामुळेच पातळ होणार ना? सेक्रेटरी म्हणाले, सेन्सर. सीएनजीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "पेट्रोलचा प्रॉब्लेम आहे." गॅरेजवाल्याला केला तर तो म्हणाला, "सीएनजीचा प्रॉब्लेम आहे." काकांना मी विचारलं नाही, तरी त्यांनी गॅलरीतून टॅपेट सांगितलं.

त्याच ॲपमध्ये खाली दुसऱ्या एका कोडचा उल्लेख होता, पी ०४२०. तो सायलेन्सरमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्याचा. तो कोड आमच्या गाडीत नव्हता, नुसती माहिती होती. पण मधल्या काळात ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेल्याच्या बातम्या वाचलेल्या. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं म्हणे, म्हणून. मी तिथल्या तिथे गाडीखाली शिरलो. सायलेन्सर जागेवर होता. जोशीकाकू परत जात होत्या. त्या म्हणाल्या, "आज खाली?"

त्या ॲपमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की कोड पुसला जातो आणि दिवा विझतो. एवढंच. मी बटण दाबलं, दिवा गेला, सौ.ने टाळी वाजवली, चिरंजीवांनी फोटो काढला आणि आम्ही त्या आनंदात ठाण्याला मामलेदार मिसळ खायला निघालो. आमचे एक मामा शुगरची तपासणी असली की आधी दोन दिवस कारल्याचा रस पितात आणि रिपोर्ट नॉर्मल आला की त्याच दिवशी जिलबी आणतात. त्यांना नावं ठेवणाऱ्यांत मी पहिला होतो. मुलुंडचा टोलनाका आला. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे आमच्या गाडीला टोल नाही, पण थांबायची सवय गेलेली नाही. मी ब्रेक लावला आणि दिवा परत आला.

पीयूसीची मुदत संपली होती, म्हणून जाताजाता तेही उरकलं. पेट्रोल पंपाशेजारी उभ्या असलेल्या जुन्या व्हॅनमध्ये हे केंद्र आहे. ती व्हॅन मी कधी हललेली पाहिलेली नाही; तिचं स्वतःचं पीयूसी कोण काढतं हा मुंबईतला एक प्रलंबित प्रश्न आहे. पोराने नळी सायलेन्सरात घातली, नंबर प्लेटचा फोटो काढला आणि कागद छापला. मी मुद्दाम पिवळ्या दिव्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, आपलं काम मागच्या बाजूचं."

मधल्या काळात सोसायटीत माझी वट वाढली होती. लोक गाड्या घेऊन यायला लागले. कुणालाही बिघाड काय आहे हे जाणून घ्यायचं नव्हतं. "अहो, तो दिवा तेवढा घालवा ना, उद्या गाडी विकायची आहे." "आमच्या सासूबाई बसणार आहेत, त्यांना पिवळं दिसलं की चक्कर येते." एकाने तर दिव्यावर टिकलीच लावली होती आणि ती आता निघत नाही, त्याला काही कोड आहे का असं विचारलं. मी सगळ्यांचे दिवे विझवले. माझा विझत नव्हता.

आणि मग एका सोमवारी व्हॅन चालूच झाली नाही. कुणीतरी सांगायला हवं होतं की त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनेला बॅटरीचा करंट कायम असतो, चावी काढली तरी. ॲडॅप्टर शनिवारपासून आत बसून माझी बॅटरी शांतपणे पीत होता. वॉचमन, सेक्रेटरी, दूधवाला आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका यांनी धक्का मारला. काका धक्का मारतानाही कान गाडीकडे करून होते.

गाडी थेट गॅरेजमध्ये नेली, काका बरोबर आले. त्यांनी इंजिनावर पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे बघ. टक, टक, टक. टॅपेट." गॅरेजवाल्याने मान हलवली. पण त्याच्या हाताखालच्या पोराने टोक जिथे टेकलं होतं तिथे हात नेला आणि झटकन मागे घेतला. धुराच्या पाइपाचं इंजिनाशी जिथे तोंड जुळतं तिथली गॅस्केट जळलेली होती. तिथून धूर टक-टक करत बाहेर पडायचा आणि मधल्या क्षणाला बाहेरची हवा आत खेचली जायची. पुढचा ऑक्सिजनचा सेन्सर ती हवा हुंगून कॉम्प्युटरला सांगायचा की मिश्रण पातळ आहे. कॉम्प्युटर बिचारा मला सांगायचा. मी बटण दाबायचो.

गॅस्केट बदलली. बिलात गॅस्केटपेक्षा स्कॅनिंगचे पैसे जास्त होते, जे त्याने केलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "लिहायची पद्धत आहे, शेठ." सेक्रेटरी अजून म्हणतात की सेन्सरच होता, आणि सेन्सरचं नाव बिलात कुठेतरी आलंच असणार. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसून पिशवीत ठेवला. गेल्या आठवड्यात त्यांना घाटकोपरहून एका भाच्याने फोनवर गाडीचा आवाज ऐकवला. टॅपेट निघालं.

आता एक विनंती. माझा निळा ॲडॅप्टर हरवला आहे. तो सी विंगमधून ए विंगमध्ये गेला, तिथून कुणाच्या साडूबरोबर बोरिवलीला गेला आणि मग अंधेरीला एका शाळेच्या बसमध्ये लागलेला दिसला, इथपर्यंत माग लागतो. ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो आमच्या वॉचमनकडे आणून द्यावा, काही विचारलं जाणार नाही. पासवर्ड एक-दोन-तीन-चार आहे. आणि काम झाल्यावर तो सॉकेटमधून काढून ठेवावा, नाहीतर सोमवारी सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. सांगितलं नाही म्हणू नका.